हिवतापाचा माग मोबाइलवर. पण दारापर्यंत कोण जाणार?

देशातून हिवताप हद्दपार करण्याच्या अखेरच्या टप्प्यात मोबाइलवर मोठी भिस्त ठेवली जात आहे. मंगळुरूचा अनुभव आशादायक आहे. मात्र १८९७ सालचे पुणे आणि १९७६ सालचा भारत विसरून चालणार नाही.

बेंगळुरूच्या केम्पेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळाकडे वळणारा 'ट्रम्पेट' उड्डाणपूल रोज हजारो प्रवासी ओलांडतात. त्या पुलाला लागूनच, देवनहळ्ळी तालुक्यातील कन्नमंगलच्या हद्दीत, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे एक संकुल आहे. राष्ट्रीय हिवताप संशोधन संस्थेचे बेंगळुरू क्षेत्रीय केंद्र याच संकुलात आहे, हे विमान पकडण्याच्या घाईत असलेल्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. निवृत्तीनंतर मी या परिसरात राहू लागलो तो देवनहळ्ळीच्या किल्ल्याच्या ओढीने. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तशी ओढ वाटावी असेच हे गाव आहे. टिपू सुलतानाचा जन्म येथला. मराठे, हैदर अली आणि १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस यांच्या फौजा या तटबंदीखाली येऊन गेल्या. आज मात्र मला किल्ल्याइतकेच कुतूहल त्या संकुलाचे आणि त्याच्या भोवताली रोज उभ्या राहणाऱ्या इमारतींचे वाटते.

२००८ मध्ये विमानतळ सुरू झाला आणि द्राक्षे व चकोतरा पिकवणाऱ्या या तालुक्याचा कायापालट झाला. जिकडे पाहावे तिकडे बांधकाम. स्लॅबवर साठवलेले क्युरिंगचे पाणी, उघड्या टाक्या, लिफ्टसाठी खणलेले खड्डे आणि शेजारी पत्र्याच्या खोल्यांची कामगार वस्ती. शहरी हिवतापाचा वाहक असलेल्या 'अ‍ॅनोफिलीस स्टिफेन्सी' डासाला याहून अधिक काय हवे? कामगार येतात ते उत्तर कर्नाटकातून, ओडिशातून, झारखंडातून, बिहारमधून. काहींच्या रक्तात हिवतापाचा परोपजीवी आधीच असतो. डास येथला, परोपजीवी तेथला. दोघांची गाठ पडली की साथीची सुरुवात होते.

केंद्र सरकारने २०२७ पर्यंत देशांतर्गत लागण झालेल्या हिवतापाचे रुग्ण शून्यावर आणण्याचे आणि २०३० पर्यंत निर्मूलन पूर्ण करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. हे उद्दिष्ट हवेतले नाही. सरकारी आकडेवारीनुसार २०१५ मध्ये देशात ११ लाख ६९ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते; २०२३ मध्ये ती संख्या २ लाख २७ हजारांवर आली. मृत्यू ३८४ वरून ८३ वर आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'अधिक भार असलेल्या देशां'च्या गटातून २०२४ मध्ये भारत बाहेर पडला. परंतु मोहिमेचा शेवटचा कोस सर्वांत लांबचा असतो, हे प्रशासनात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. रुग्ण विरळ झाले की त्यांना शोधणे कठीण होते, आणि न सापडलेला एक रुग्णही वस्तीत पुन्हा आग लावू शकतो. म्हणूनच आता मोबाइलकडे आशेने पाहिले जात आहे.

तीन आठवड्यांची काचपट्टी

सेवेच्या आरंभीच्या वर्षांतील एक आठवण येथे सांगावीशी वाटते. मी एका आदिवासीबहुल उपविभागात नेमणुकीवर होतो. डोंगरातल्या एका पाड्यावर पावसाळ्यात तापाची साथ आल्याचा निरोप आला, तो आरोग्य यंत्रणेकडून नव्हे, तर बाजाराला आलेल्या एका कोतवालाकडून. मी चौकशी केली. आरोग्य सेवकाने रक्तनमुने वेळेवर घेतले होते. काचपट्ट्या कापडात गुंडाळून आठवडी मोटारीने पाठवल्याही होत्या. पुढे त्या प्रयोगशाळेत गठ्ठ्यात पडून राहिल्या, कारण तंत्रज्ञ एकच आणि काचपट्ट्या तीन तालुक्यांच्या. निकाल आला तेव्हा तीन आठवडे उलटले होते. त्या काळात पाड्यावरची दोन मुले दगावली होती. नोंदवहीत मात्र काहीच उणे नव्हते. नमुना घेतल्याची तारीख, पाठवल्याची तारीख, तपासल्याची तारीख, सारे रकाने भरलेले. प्रत्येकाने आपापले काम केले होते आणि तरीही मुले वाचली नव्हती.

त्या नोंदवहीने मला एक धडा दिला. साथीच्या व्यवस्थापनात माहिती असणे आणि माहिती वेळेत असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आणि वेळेत मिळालेल्या माहितीवर हालचाल करणारा माणूस असणे ही तिसरीच गोष्ट आहे. मोबाइलमुळे दुसरी अडचण बऱ्याच अंशी सुटते. तिसरी सुटते का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

मंगळुरूचा प्रयोग

या प्रश्नाचे उत्तर शोधायला केनिया-टांझानियाला जाण्याआधी कर्नाटकाच्याच किनाऱ्यावर जावे. मंगळुरू शहर अनेक वर्षे राज्यातील हिवतापाचे मोठे केंद्र होते. बंदर, बांधकामे, स्थलांतरित मजूर, धुवाधार पाऊस, घरोघरी विहिरी. रोगाला पोषक असे सारे तेथे एकवटलेले. ऑक्टोबर २०१५ मध्ये तेथे संगणकीय हिवताप नियंत्रण प्रणाली सुरू झाली. शांताराम बाळिगा आणि त्यांच्या वैद्यकीय सहकाऱ्यांनी या प्रयोगाचे निष्कर्ष वेळोवेळी शोधनिबंधांतून मांडले आहेत. त्यांत बेंगळुरूच्या हिवताप संशोधन केंद्राचे सुशांत घोष हेही सहलेखक आहेत.

प्रणालीची रचना समजून घेण्यासारखी आहे. शासकीय असो वा खासगी, रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेत हिवतापाचे निदान झाले की त्याची नोंद प्रणालीत करायची. ती नोंद संबंधित प्रभागातील कर्मचाऱ्याच्या हातातील टॅबवर उमटते. कर्मचारी त्या पत्त्यावर जातो, घराचे स्थान नकाशावर टिपतो, घरातील व आसपासच्या लोकांचे रक्तनमुने घेतो, डासोत्पत्तीची ठिकाणे शोधून नष्ट करतो आणि रुग्णाचे औषध पूर्ण होते की नाही ते पाहतो. हे सारे १४ दिवसांच्या आत पूर्ण करून ते प्रकरण 'बंद' करायचे. बंद न झालेले प्रकरण वरिष्ठांच्या पडद्यावर दिसत राहते. प्रशासकीय भाषेत सांगायचे तर येथे प्रत्येक रुग्ण ही एक फाइल आहे; तिला मुदत आहे आणि ती कोणाच्या टेबलावर अडकली आहे हे सर्वांना दिसते.

परिणाम ठळक होते. नवा रुग्ण ४८ तासांच्या आत कळवला जाण्याचे प्रमाण जवळपास संपूर्ण झाले. संगणकीकरणाच्या वर्षाशी तुलना करता पाच वर्षांनंतर हिवतापाचे प्रमाण ८३ टक्क्यांनी घटले. दर हजार लोकसंख्येमागील वार्षिक रुग्णप्रमाण १६.१७ वरून २.६४ वर आले. तपासलेल्या रक्तनमुन्यांत बाधित निघणाऱ्यांचे प्रमाण १०.३६ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर उतरले. रुग्णाच्या आसपासच्या लोकांचे नमुने जितके अधिक घेतले गेले, तितका हिवताप कमी झाला, हा निष्कर्ष मला सर्वांत मोलाचा वाटतो.

तथापि हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, ही आधीची आणि नंतरची तुलना आहे. शेजारी तशीच प्रणाली नसलेले दुसरे मंगळुरू तुलनेला उपलब्ध नव्हते. त्याच काळात देशभर हिवताप ओसरत होता, आणि पाचव्या वर्षात कोविडची टाळेबंदीही आली. घटीचे सर्व श्रेय टॅबला देणे म्हणूनच घाईचे ठरेल. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत हिवतापात सुमारे ८५ टक्के घट दिसली. जुलै-ऑगस्टमध्ये ती जेमतेम ४० टक्के होती. टॅब तोच, माणसे तीच, मुदतही तीच. किनारपट्टीवरच्या पावसात पाणी साचण्याची ठिकाणे इतकी वाढतात की कर्मचाऱ्यांचे बळ अपुरे पडते, असा याचा अर्थ मी लावतो. माहिती वेगाने धावते, पण शिडी चढून गच्चीवरची टाकी पाहणारी माणसे तितकीच राहतात.

जगाचा अनुभव काय सांगतो?

परदेशातील तीन उदाहरणे या संदर्भात उपयोगी आहेत. टांझानियात २००९-१० मध्ये तीन जिल्ह्यांतील १२९ आरोग्य केंद्रांना दर आठवड्याला एक लघुसंदेश पाठवून हिवतापाच्या औषधांचा साठा विचारला जाई. कर्मचारी साध्या फोनवरून उत्तर धाडत. २१ आठवड्यांच्या त्या प्रयोगात, किमान एक प्रमुख औषध संपलेल्या केंद्रांचे प्रमाण ७८ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आले. यात कोणतेही चमत्कारी तंत्रज्ञान नव्हते. जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला कोठे काय संपले आहे हे कळत होते आणि एका केंद्रातील जादा साठा दुसरीकडे हलवण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. त्या अधिकाराविना लघुसंदेश म्हणजे नुसतीच तक्रारवही ठरली असती.

दुसरे उदाहरण कॅमेरूनचे. तेथे नदीकाठच्या माशीमुळे होणाऱ्या अंधत्वावर 'आयव्हरमेक्टिन' हे उत्तम औषध आहे. परंतु 'लोआ लोआ' नावाच्या दुसऱ्या कृमीचे प्रमाण रक्तात फार असेल तर हेच औषध जिवावर बेतते. त्यामुळे अनेक गावांत औषधवाटपच थांबले होते. बर्कलेच्या संशोधकांनी फोनला जोडलेला लहानसा सूक्ष्मदर्शक बनवला. बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबातील वळवळ टिपून कृमींची संख्या काही मिनिटांत त्यावर समजते. २०१५ मध्ये ओकोला भागात सोळा हजारांहून अधिक लोकांची अशी तपासणी झाली आणि सुमारे ९५ टक्के लोकांना निर्धोकपणे औषध देता आले. फोन येथे निरोप्या न राहता प्रयोगशाळा झाला. विदर्भातील हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत आजही रात्री रक्तनमुने घेऊन ते केंद्रावर न्यावे लागतात. तेथे अशा साधनांचा विचार व्हायला हवा.

तिसरे उदाहरण केनियाचे, आणि ते सर्वांत आकर्षक व तितकेच नाजूक आहे. जून २००८ ते जून २००९ या काळातील जवळपास दीड कोटी मोबाइल ग्राहकांच्या संदेश व कॉलच्या नोंदींवरून संशोधकांनी देशांतर्गत प्रवासाचा नकाशा काढला आणि तो हिवतापाच्या नकाशावर ठेवला. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचा परिसर हा परोपजीवींचा मोठा निर्यातदार असून राजधानी नैरोबीकडे तो लोकांच्या रक्तातून जातो, असे त्यातून दिसले. २०१२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. देवनहळ्ळीच्या कामगार वस्त्यांना आपण हाच प्रश्न विचारू शकतो: येथे येणारा परोपजीवी कोणत्या जिल्ह्यातून येतो आणि येथून कोठे जातो?

स्थलांतरिताचा पत्ता कोणता?

हा प्रश्न का महत्त्वाचा आहे, हे 'व्हायवॅक्स' प्रकारच्या हिवतापावरून कळते. या प्रकारात परोपजीवी यकृतात दडून राहतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतो. ताप तीन दिवसांच्या क्लोरोक्विनने उतरतो. यकृतातला परोपजीवी मारायला मात्र प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात. ताप गेलेला मजूर चौथ्या दिवशी कामावर जातो. सातव्या दिवशी मुकादम त्याला दुसऱ्या शहरातील कामावर पाठवतो. उरलेल्या गोळ्या खिशातच राहतात. दोन महिन्यांनी त्याला पुन्हा ताप येतो तेव्हा तो निराळ्या राज्यात, निराळ्या दवाखान्यात 'नवा रुग्ण' म्हणून नोंदला जातो.

येथून जवळच्याच एका वस्तीत मी एका आरोग्य कार्यकर्तीबरोबर फिरलो. तिच्या फोनवरील अर्जात घर क्रमांक आणि रस्त्याचे नाव हे रकाने सक्तीचे होते. पत्र्याच्या खोल्यांना क्रमांक नव्हते आणि रस्त्याला नाव नव्हते. मी विचारले, "मग तुम्ही काय भरता, अक्का?" ती हसून म्हणाली, "ठेकेदाराच्या ऑफिसचा पत्ता टाकते, सर. नाहीतर पुढचे पान उघडतच नाही." नकाशावर त्या वस्तीतील सगळे तापाचे रुग्ण एकाच ठिपक्यावर, तेही जेथे कोणीच राहत नाही अशा कार्यालयावर, दिसत असणार. दोष तिचा नव्हता. ज्याने अर्ज रचला त्याने कामगार वस्ती पाहिली नव्हती.

देशपातळीवर चित्र याहून फार वेगळे नाही. २००४ मध्ये सुरू झालेली एकात्मिक रोग सर्वेक्षण योजना कागदी साप्ताहिक अहवालांवर चाले. तिची जागा आता एकात्मिक आरोग्य माहिती मंचाने घेतली आहे. कर्नाटकासह सात राज्यांत २०१८ च्या नोव्हेंबरात तिचा प्रारंभ झाला आणि एप्रिल २०२१ मध्ये ती देशभर लागू झाली. उपकेंद्राच्या पातळीवरून नोंद थेट दिल्लीपर्यंत पोहोचते, ही खरोखर मोठी सुधारणा आहे. पण दिल्लीपर्यंत पोहोचलेली नोंद शेजारच्या राज्यातील तालुका आरोग्य अधिकाऱ्यापर्यंत 'तुमच्याकडे येणाऱ्या रुग्णाच्या सात गोळ्या बाकी आहेत' अशा स्वरूपात पोहोचायला हवी. वर जाणारी माहिती आपल्याकडे मुबलक असते; आडवी जाणारी माहिती दुर्मीळ असते.

१८९७ चे दोन धडे

येथे इतिहासाकडे वळणे भाग आहे. १८८३ मध्ये रोनाल्ड रॉस नावाचा तरुण लष्करी डॉक्टर बेंगळुरूला नेमणुकीवर होता. बंगल्याच्या खिडकीजवळच्या पिंपातील पाण्यात डासांची पैदास होते हे त्याने पाहिले. पाणी ओतून दिल्यावर डास कमी झाले. चौदा वर्षांनी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत त्याच रॉसला डासाच्या जठरात हिवतापाचा परोपजीवी सापडला. आपण बहुधा दुसरी घटना लक्षात ठेवतो. पहिली विसरतो. सूक्ष्मदर्शकाने रोगाचे गूढ उकलले, तरी पिंप ओतून देण्याचे काम संपले नाही.

त्याच वर्षाचा दुसरा धडा मराठी वाचकाला सांगायला नको. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग अधिनियम आला. पुण्यात प्लेगचे रुग्ण शोधण्यासाठी सोजिरांनी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या. रोग्यांची माहिती सरकारला हवी होती आणि शास्त्रीय दृष्टीने ती गरज खरीही होती. परंतु माहिती मिळवण्याच्या रीतीने लोकांचा विश्वास इतका उडाला की लोक रुग्णच लपवू लागले. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. सर्वेक्षण हे लोकांच्या सहकार्यावर चालते आणि धाकावर मोडते, याचा इतका स्पष्ट दाखला आपल्या इतिहासात दुसरा नाही.

आज सोजिराच्या जागी फोन आहे. तो उंबरठा न ओलांडताच घरात असतो. मोबाइल कंपन्यांच्या नोंदींवरून मजुरांच्या हालचालींचे नकाशे काढणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे. नावे वगळून, जिल्हावार एकत्रित स्वरूपात ते झाले तर त्याचा लाभ मोठा आहे. परंतु त्याच नोंदींतून एखाद्या राज्याच्या मजुरांवर 'रोग आणणारे' असा शिक्का बसला, ठेकेदाराने त्यांना कामावर घेणे थांबवले, किंवा स्थानिक पोलिसांनी ती यादी निराळ्याच कामासाठी मागितली, तर १८९७ ची पुनरावृत्ती वेगळ्या रूपात होईल. मजूर सिम बदलेल, तपासणीला येणार नाही, ताप अंगावर काढेल.

गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्या खटल्याचे याचिकाकर्ते के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते, हा योगायोग येथे नमूद करण्याजोगा आहे. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. साथीच्या काळात आरोग्यसेवा देण्यासाठी संमतीविना माहिती वापरण्याची मुभा कायदा देतो. ही मुभा आवश्यक आहे, यात वाद नाही. वाद आहे तो मुदतीचा आणि हद्दीचा. साथ संपल्यावर ती माहिती किती दिवसांत पुसली जाईल? आरोग्य विभागाबाहेर ती कोणाला मिळेल? याची उत्तरे प्रत्येक प्रणालीच्या आदेशातच लिहिलेली असावीत. 'आरोग्य सेतू' २०२० मध्ये आले तेव्हा हे प्रश्न मागाहून विचारले गेले. या वेळी ते आधी विचारले जावेत.

फोन परत करणाऱ्या हातांचे म्हणणे

तंत्रज्ञानाच्या चर्चेत ज्यांचा आवाज सर्वांत कमी ऐकू येतो, त्या म्हणजे फोन वापरणाऱ्या स्त्रिया. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले स्मार्टफोन परत केले होते. फोन वारंवार बंद पडतात, साठवण क्षमता अपुरी आहे आणि नोंदीचे अ‍ॅप इंग्रजीत आहे, हे त्यांचे म्हणणे होते. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकातील आशा कार्यकर्त्या बेंगळुरूच्या फ्रीडम पार्कवर थंडीत दिवसरात्र बसल्या होत्या. निश्चित मानधनाबरोबरच, मोबदला पोर्टलवरील नोंदींशी जोडल्यामुळे केलेल्या कामाचेही पैसे मिळत नाहीत, ही त्यांची मुख्य तक्रार होती. मुख्यमंत्र्यांच्या आश्वासनानंतर त्या परतल्या.

या दोन्ही प्रसंगांना 'तंत्रज्ञानाला विरोध' असे म्हणणे अन्यायाचे होईल. या स्त्रिया आपल्या मुलांशी, नातलगांशी त्याच प्रकारच्या फोनवर सराईतपणे बोलतात. त्यांचा आक्षेप आहे तो फोन हजेरीपुस्तक झाल्याला. काम केले पण नोंद झाली नाही तर पैसे कापले जातात. नोंद केली पण काम झाले नाही तर कोणी विचारत नाही. अशा व्यवस्थेत माणूस काय करू लागतो, हे प्रशासनात पस्तीस वर्षे घालवलेल्या मला चांगले ठाऊक आहे. तो रकाने भरू लागतो. माझ्या उपविभागातील त्या नोंदवहीचे हे नवे रूप असेल.

याउलट, याच क्षेत्रातील बेंगळुरू केंद्राचा जुना अनुभव पाहावा. या केंद्राच्या संशोधकांनी कर्नाटकातील गावांच्या विहिरींत डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडून हिवताप आटोक्यात आणल्याचे प्रसिद्ध केले आहे. डिसेंबर २००१ मध्ये त्यांनी राज्यातील एका हिवतापग्रस्त जिल्ह्यात 'कलाजथा' म्हणजे लोकनाट्याचे प्रयोग संध्याकाळी गावोगावी केले. मासे विहिरीत का सोडायचे, ते काढून का टाकायचे नाहीत, हे तीस स्थानिक कलावंतांनी गाणी आणि संवादांतून सांगितले. ज्या केंद्राला लोकांशी त्यांच्या भाषेत बोलण्याचे महत्त्व ठाऊक होते, त्याच केंद्राचे नाव पुढे मंगळुरूच्या टॅबशी जोडले जावे, हे मला सुचिन्ह वाटते.

विजयाची भीती

शेवटी ज्या गोष्टीची मला खरी चिंता वाटते ती सांगतो. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख दगावत, असा अंदाज आहे. तत्कालीन मुंबई प्रांतात, आजच्या कर्नाटकातील कानडा व धारवाड जिल्ह्यांत, डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ च्या सुमारास डीडीटी फवारणीचे यशस्वी प्रयोग केले. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. १९६५ पर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या घरात आली. युद्ध जिंकल्याचे सर्वांना वाटले. मग फवारणीची सामग्री वेळेवर मिळेना, डास डीडीटीला दाद देईनासे झाले, घरोघर फिरणारे कर्मचारी इतर कामांत विलीन झाले, निधीचा ओघ दुसरीकडे वळला. १९७६ मध्ये देशात ६४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले.

त्या वेळी मोबाइल असता तर ही पीछेहाट टळली असती का? पडद्यावर लाल ठिपके लवकर दिसले असते, एवढे नक्की. पण अकरा वर्षांत जे घडले ते माहितीच्या अभावी घडले नाही. रुग्ण वाढत असल्याचे अहवाल वर्षानुवर्षे वर जात होते. उणीव होती ती संख्येने लहान झालेल्या प्रश्नावर पैसा आणि माणसे टिकवून ठेवण्याच्या इच्छेची. आजही दोन लाखांवर आलेला आकडा पाहून एखाद्या राज्याचा वित्त विभाग हिवताप कर्मचाऱ्यांची रिक्त पदे 'आता अ‍ॅप आहेच' म्हणून रद्द करील, ही भीती मला काल्पनिक वाटत नाही. तशा टिप्पण्या लिहिणारे हात मी जवळून पाहिले आहेत. त्यांतला एक कधीकाळी माझाही होता.

काय करावे?

माझ्या मते चार गोष्टी तातडीच्या आहेत. पहिली, यशाचे मोजमाप किती नोंदी झाल्या यावर न होता, मंगळुरूप्रमाणे, निदानापासून किती दिवसांत रुग्णाचा परिसर तपासून प्रकरण बंद झाले यावर व्हावे; आणि बंद झालेल्या प्रकरणांपैकी काहींची प्रत्यक्ष जागेवर फेरतपासणी व्हावी. दुसरी, बांधकामाच्या परवान्यालाच डासोत्पत्ती रोखण्याची आणि कामगारांच्या तपासणीची अट जोडून तिची जबाबदारी ठेकेदारावर टाकावी. मुंबईत १९११ मध्ये डॉ. बेंटले यांनी आपल्या अहवालात विहिरींकडे बोट दाखवले होते. मालकाला जबाबदार धरल्याशिवाय शहरातील डास हटत नाही, हे तेव्हापासूनचे सत्य आहे. तिसरी, व्हायवॅक्सच्या रुग्णाचे १४ दिवसांचे औषध राज्याच्या सीमेपलीकडेही पूर्ण करून घेणारी आंतरराज्य व्यवस्था हवी. रुग्णाच्या संमतीने, त्याच्याच भाषेत रोज एक आवाजी संदेश, आणि तो जेथे जाईल तेथील केंद्राला सूचना, एवढ्यापासूनही सुरुवात होऊ शकते. चौथी, आशा कार्यकर्तीचा मोबदला नेटवर्कच्या लहरीवर अवलंबून नसावा आणि अ‍ॅपची रचना ठरवताना तिला बैठकीत खुर्ची असावी. भामरागड किंवा एटापल्लीसारख्या भागात सिग्नल मिळत नाही म्हणून रुग्ण नोंदीबाहेर राहू नये; तेथे कागदाचा मान कायम ठेवावा.

यांपैकी एकाही गोष्टीला नव्या शोधाची गरज नाही. गरज आहे ती शासनाने फोनला कर्मचाऱ्याचा पर्याय न मानण्याची.

परवा संध्याकाळी फिरायला निघालो असता ती आरोग्य कार्यकर्ती पुन्हा भेटली. एका अर्धवट इमारतीसमोर मुकादमाशी तिची हुज्जत चालली होती. तळमजल्यावर साचलेले पाणी उपसून टाका, असे ती त्याला सांगत होती, आणि तो उद्या-परवाचे वायदे करत होता. तिने फोन काढून त्या पाण्याचे छायाचित्र घेतले, स्थान नोंदवले आणि म्हणाली, "हे वर गेले, बरे का. आता तुमचे नाव आहे त्यात." मुकादमाने दोन पोरांना हाक मारली आणि बादल्या आणायला सांगितले. छायाचित्र खरोखर वर कोणी पाहिले की नाही, मला ठाऊक नाही. पाणी मात्र माझ्या डोळ्यांदेखत उपसले गेले.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)